चुकलेल्या उत्तराचा अभ्यास : अध्ययनाचे सिद्धांत आणि आपला वर्ग

अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाला आपल्याकडे सर्रास ‘ढ’ म्हटले जाते. या शब्दाची एक गमतीदार उपपत्ती सांगतात. सम्राट अशोकाच्या शिलालेखांतील ब्राह्मी लिपी पुढे दोन हजारांहून अधिक वर्षे बदलत बदलत आजची देवनागरी झाली. जवळजवळ प्रत्येक अक्षराने आपले रूप पालटले. एकटा ‘ढ’ मात्र होता तसाच राहिला. म्हणून ज्याच्यात काही फरक पडत नाही तो ‘ढ’. ही उपपत्ती खरी असो वा नसो, त्या शब्दामागची समजूत मात्र तिने नेमकी पकडली आहे. हे मूल बदलणार नाही, असा निकाल त्या एका अक्षरात दिलेला असतो. हा निकाल बहुधा पहिली-दुसरीतच लागतो आणि त्यावर अपील नसते.

या निकालाची किंमत आपल्या समाजाने पुरेपूर मोजली आहे. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात शिक्षणावरील खर्चाची चर्चा चालू असता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक आकडा सभागृहापुढे ठेवला होता. प्राथमिक शाळेत नाव घातलेल्या दर १०० मुलांपैकी अवघी १८ चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जाऊन पडतात, हा तो आकडा होय. आज नाव घालण्याचा प्रश्न बराचसा सुटला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क मिळाला. परंतु मूल वर्गात बसले म्हणजे शिकले असे होत नाही. पुष्कळ मुले आठवीपर्यंत वर्गात असतात आणि वर्ग त्यांच्या डोक्यावरून जात असतो. गळती पूर्वी शाळेच्या दारातून होत असे, आता ती बाकावर बसल्या जागी होते, एवढाच काय तो फरक.

आम्ही पोटापाण्यासाठी बँकेत कारकुनी करतो. शिक्षणशास्त्राची पदवी आमच्याजवळ नाही, बी.ए.ला मानसशास्त्र हा एक विषय होता आणि संध्याकाळच्या अभ्यासवर्गात मुलांना गणित शिकविण्याचा छंद आहे, इतकीच आमची शिदोरी. तरीही हा लेख लिहिण्याचे धाडस करतो, याला कारण आहे. पूर्वीच्या डी.एड.चे आणि आताच्या डी.एल.एड.चे विद्यार्थी थॉर्नडाइक, स्किनर, पियाजे, व्हायगॉट्स्की ही नावे गाइडमधून पाठ करतात. शिक्षक पात्रता परीक्षेतही त्यांवर प्रश्न असतात. परीक्षा झाली की ही नावे कपाटात जातात आणि वर्गात पुन्हा तीच छडी, तीच घोकंपट्टी आणि तोच ‘ढ’ चालू होतो. ही सारी मंडळी वेगवेगळ्या वाटांनी गेली, त्यांचे आपसात कडाक्याचे मतभेदही होते. पण वर्गात उभ्या राहणाऱ्या माणसाला त्यांच्याकडून एक गोष्ट हमखास शिकता येते. चुकलेले उत्तर खोडण्यापूर्वी ते वाचावे कसे, ही ती गोष्ट.

याची सुरुवात पॅरिसमध्ये झाली. बुद्धिमापनाची पहिली उपयुक्त चाचणी १९०५ साली आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी तयार केली, ती कोणत्या मुलांना शिकविताना जादा मदत लागेल हे ओळखण्यासाठी. बुद्धी ही जन्मतः ठरलेली, न वाढणारी वस्तू आहे हे म्हणणे स्वतः बिनेला मुळीच मान्य नव्हते. त्याच्या चाचणीचा उपयोग पुढे मुलांवर कायमचे शिक्के मारण्यासाठी झाला, हा इतिहासाचा क्रूर विनोद म्हणावा लागेल. बिने १९११ साली वारला. त्यानंतर काही वर्षांनी, १९१९ च्या सुमारास, ज्याँ पियाजे हा तरुण स्विस संशोधक पॅरिसला आला आणि बिनेच्या प्रयोगशाळेत मुलांच्या चाचण्या घेण्याचे काम त्याच्याकडे सोपविण्यात आले. काम कंटाळवाणे होते. किती उत्तरे बरोबर, किती चूक, एवढे मोजायचे. पियाजेचे लक्ष मात्र चुकांकडे गेले. एका वयाची मुले एकाच तऱ्हेने चुकत होती. मग त्याने मुलांशी गप्पा मारायला सुरुवात केली : तुला असे का वाटले? हा प्रश्न त्याने पुढे साठ वर्षे, म्हणजे १९८० साली मृत्यू येईपर्यंत, सोडला नाही.

आता पॅरिस सोडून आपल्या मराठी शाळेतील दुसरीच्या वर्गात येऊ. बाई ‘त्रेपन्न’ म्हणतात आणि मूल पाटीवर ३५ लिहिते. बाई म्हणतात, लक्ष नाही. पण मुलाच्या जागी बसून पाहा. त्रेपन्न या शब्दात आधी काय ऐकू येते? तीन. मागाहून काय येते? पन्नास. जे आधी ऐकले ते आधी लिहिले, म्हणून ३५. मुलाने कानाशी पूर्ण इमान राखले आहे. शब्दाचा क्रम एक आणि लिहिण्याचा क्रम उलटा, हा घोटाळा भाषेचा आहे. कानडी, तेलुगू, तमिळ या भाषांत दशक आधी आणि एकक मागाहून बोलतात. त्या मुलांना ही अडचण येत नाही. जर्मन मुलांना मात्र येते, कारण तेथेही आपल्यासारखेच एकक आधी.

एवढ्यावर हे भागत नाही. ‘दोन’ हा एकच अंक पाहा : बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. दोनचा कधी बा, कधी ब, कधी बे, कधी ब्या. सत्तरचा हत्तर होतो. त्यात पुन्हा ‘एकोण’ची भानगड. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा, म्हणजे येथे मुलाने शब्दातून वजाबाकी करायची. एकोणीस, एकोणतीस अशी ही गाडी थेट एकोणनव्वदपर्यंत सुरळीत जाते, आणि शंभराच्या तोंडाशी आल्यावर अचानक रूळ बदलून ‘नव्व्याण्णव’ म्हणते. एखादे मूल मोजता मोजता ‘अठ्ठ्याण्णव, एकोणशंभर’ म्हणाले तर वर्ग खदखदून हसतो. हसावे जरूर, पण या मुलाने काय केले हेही पाहावे. त्याने आठ शब्द ऐकून त्यांतील नियम आपला आपण शोधून काढला आणि नवव्या जागी लावला. तीन वर्षांचे मूल घरात कोणीही म्हणत नसताना ‘मी केलं’ऐवजी ‘मी करलं’ म्हणते, तेही याच बुद्धीने. ज्याने नुसते ऐकून पाठ केले, तो असा कधी चुकणार नाही. नियम शोधणाराच असा चुकतो.

याच मुद्द्यावरून २०१९ साली महाराष्ट्रात मोठे वादळ उठले होते. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात ‘त्रेपन्न’च्या जोडीला ‘पन्नास तीन’ अशीही वाचनाची रीत दिली होती. वर्तमानपत्रांतून टीका झाली, विधिमंडळात प्रश्न गाजला, मराठी भाषा बुडाली असा गवगवा झाला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी बाजू मांडली की जोडाक्षरी आणि उलट क्रमाची नावे लहान मुलांना जड जातात, आणि जुनी नावे काढलेली नाहीत. आमचे मत विचाराल तर ते असे. त्रेपन्न शिकवलेच पाहिजे, कारण बाजारात, बसमध्ये आणि बँकेत त्रेपन्नच चालते. पण नदीपलीकडे जायला साकव लागतो. ‘पन्नास तीन’ हा साकव आहे. पलीकडे पोहोचल्यावर त्यावर कोणी घर बांधत नाही. घरी आजी-आजोबांकडून अंक ऐकलेले मूल साकवाशिवायही उडी मारील. ज्याच्या घरी संध्याकाळी अभ्यास घ्यायला कोणी मोकळे नसते, ते मूल पाण्यात पडेल. वाद घालणारांपैकी बरेच जण पहिल्या प्रकारच्या घरांतले होते, असे आम्हांस तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

वजाबाकीचेही असेच आहे. ५२ मधून २७ वजा करा म्हटले की पुष्कळ मुले ३५ उत्तर काढतात. दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन घालवले, पाच. पाचातून दोन गेले, तीन. हे मूल शंभर उदाहरणे देऊनही अशाच तऱ्हेने, अगदी शिस्तीने चुकेल. १९७८ साली ब्राउन आणि बर्टन या अमेरिकन संशोधकांनी मुलांच्या वजाबाकीतील अशा चुका जमवून दाखवून दिले की पुष्कळशा चुका निष्काळजीपणाच्या नसतात, मुले आपल्याजवळची एक सदोष रीत मन लावून पाळत असतात. अशा मुलाला ‘आणखी दहा उदाहरणे सोडवून आण’ असे सांगणे म्हणजे सदोष रीत दहा वेळा घोटवून घेणे होय.

येथे आमच्या बँकेतील अनुभव उपयोगी पडतो. पैसे भरण्याच्या स्लिपवर मोठ्या नोटेपासून उतरत्या क्रमाने तपशील लिहायचा असतो : पाचशेच्या किती, शंभरच्या किती, दहाच्या किती. हाच स्थानिक किमतीचा धडा. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांतून शंभराच्या, दहाच्या आणि एक रुपयाच्या नोटा कापाव्यात आणि मुलांना ५२ रुपये द्यावेत, पाच दहाच्या आणि दोन सुट्या. आता त्यातून २७ रुपये दुकानदाराला द्यायचे. मूल दोन सुट्या नोटांकडे पाहते, थांबते आणि आपण होऊन म्हणते, ‘दहाची सुटी करून द्या.’ बस, एवढेच. ‘हातचा’ हा शब्द ज्याला वर्षभर उमगला नाही, त्याला ‘सुटे करणे’ क्षणात समजते, कारण वाण्याच्या दुकानात त्याने ते शंभरदा पाहिलेले असते. नोटा मोडून झाल्या की मग तीच कृती चित्राने, आणि त्यानंतर नुसत्या अंकांनी. आधी हाताने, मग चित्राने, मग चिन्हाने हा क्रम जेरोम ब्रूनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सांगितला. आपली शाळा बहुधा तिसऱ्या पायरीवरून सुरुवात करते आणि मूल चढले नाही म्हणून मुलालाच दोष देते.

पियाजेने मुलांच्या विचाराच्या चार अवस्था सांगितल्या. जन्मापासून सुमारे दोन वर्षे, दोन ते सात, सात ते अकरा आणि त्यापुढे. विद्यार्थी त्या पाठ करतातच, म्हणून येथे विस्तार करीत नाही. वर्गाच्या दृष्टीने महत्त्वाचे इतके की साधारण सात ते अकरा या वयात मूल तर्क करू शकते, पण तो समोरच्या वस्तूंच्या आधाराने. हवेतला तर्क त्याला मागाहून जमतो. पाच वर्षांच्या मुलासमोर बसक्या भांड्यातले पाणी उंच पेल्यात ओतले तर ते ‘पाणी वाढले’ म्हणते, हा पियाजेचा प्रयोग प्रसिद्ध आहे आणि घरी कोणीही करून पाहावा.

मात्र या अवस्थांची रेल्वेच्या वेळापत्रकासारखी पूजा करू नये. एडिंबरोच्या मार्गारेट डोनल्डसन यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात पियाजेच्या प्रयोगांची चांगलीच उलटतपासणी केली आहे. सोंगट्यांची एक रांग मोठ्या माणसाने मुद्दाम लांबवली तर मुले ‘सोंगट्या वाढल्या’ म्हणत. पण एका खोडकर बाहुल्या अस्वलाने येऊन तीच रांग विस्कटली तर कितीतरी अधिक मुलांनी ‘तेवढ्याच आहेत’ असे बरोबर सांगितले. मोठे माणूस तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारते तेव्हा आपले पहिले उत्तर चुकले असणार, असे मूल समजते, हेही एक कारण दाखविण्यात आले. आपल्या वर्गात हे रोज घडते. गुरुजींनी ‘नक्की?’ म्हटले की बरोबर उत्तर दिलेले मूलही उत्तर बदलते. म्हणून ‘हे तू कसे केलेस?’ हा प्रश्न उत्तर बरोबर असतानाही विचारण्याचा परिपाठ ठेवावा. फक्त चुकल्यावर विचारला तर तो प्रश्न राहत नाही, ती धमकी होते.

पियाजे जन्मला त्याच साली, १८९६ मध्ये, आजच्या बेलारूसमधील ओर्शा या गावी एका ज्यू कुटुंबात लेव्ह व्हायगॉट्स्की जन्मला. झारशाहीत मॉस्को विद्यापीठात ज्यू विद्यार्थ्यांना अवघी तीन टक्के मर्यादा होती आणि त्या थोड्या जागाही सोडत काढून भरण्याचा नियम ऐन वेळी आला. सोडतीत नाव निघाले म्हणून हा बुद्धिमान मुलगा विद्यापीठात गेला. आपल्याकडील राखीव जागा बंद दार उघडण्यासाठी आहेत. ती टक्केवारी उघडे दार लोटण्यासाठी होती. हा फरक टक्केवारीवर तावातावाने बोलणारांनी ध्यानात घ्यावा. असो. १९३४ साली क्षयाने व्हायगॉट्स्की वारला तेव्हा त्याचे वय ३७ होते. पुढे त्याच्या लेखनावर सोव्हिएत राजवटीतही बंधने आली आणि जगाला तो कळायला साठ आणि सत्तरची दशके उजाडावी लागली.

त्याने दिलेले एक उदाहरण प्रत्येक शिक्षकाने भिंतीवर लिहून ठेवावे असे आहे. दोन मुलांची चाचणी घेतली. दोघेही आठ वर्षांच्या पातळीची उदाहरणे सोडवतात. आपण म्हणतो, दोघे सारखे. आता दोघांनाही पुढची अवघड उदाहरणे दिली आणि थोडी मदत केली, एखादी पायरी सुचविली, सुरुवात करून दिली. तेव्हा एक मूल नऊ वर्षांच्या पातळीपर्यंत गेले आणि दुसरे बारापर्यंत. मग ही मुले सारखी कशी? एकट्याने काय येते आणि मदतीने काय येते यांमधले जे अंतर, तेथेच शिकवण्याची जागा आहे. त्याच्या अलीकडे शिकवले तर वेळ फुकट, पलीकडे शिकवले तर मूल हताश. आपल्या परीक्षा फक्त एकट्याने काय येते तेवढेच मोजतात. आज न येणारे मूल उद्या येण्याच्या उंबरठ्यावर आहे की नाही, हे त्या सांगूच शकत नाहीत.

मदत म्हणजे उत्तर सांगणे नव्हे, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. १९७६ साली वुड, ब्रूनर आणि रॉस या तिघांनी लहान मुलांना लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला शिकविताना शिक्षक नेमकी मदत कशी करतो याचे निरीक्षण केले आणि तिला बांधकामावरच्या परांचीची उपमा दिली. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरांत बांधकामावर काम केलेली माणसे आहेत; त्यांना ही उपमा समजावून सांगायला नको. परांची इमारतीच्या उंचीप्रमाणे चढवतात, आणि काम पुरे झाले की काढून घेतात. शिकवणीत कित्येकदा परांचीच इमारत होऊन बसते. मूल प्रत्येक ओळीनंतर सरांच्या तोंडाकडे पाहते. आमचा नियम असा आहे : आधी गप्प बसावे आणि मनात वीस अंक मोजावेत. मग नुसता प्रश्न मोठ्याने वाचायला सांगावा. मग विचारावे, यातले काय ठाऊक आहे? तरीही अडले तर छोट्या आकड्यांचे तसलेच उदाहरण द्यावे. पहिली पायरी करून दाखविणे हे सर्वांत शेवटी. वीस अंक मोजणे हेच यातले सर्वांत अवघड, असे नव्या स्वयंसेवकांकडे पाहून वाटते.

मुंबईच्या वस्त्यांतून नव्वदच्या दशकात सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने मुलांचे गट इयत्तेनुसार न करता त्यांना आज काय वाचता येते त्यानुसार करण्याची पद्धत रुजवली. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे टप्पे. पाचवीतला मुलगा अक्षरांच्या गटात बसला तर त्याला कमीपणा वाटेल, ही भीती रास्त आहे. म्हणून गट रोज तासाभरापुरतेच असावेत, दर काही आठवड्यांनी बदलावेत आणि त्यांना ‘हुशार’, ‘कच्चे’ अशी नावे कधीही पडू देऊ नयेत.

आता सरावाबद्दल. एडवर्ड थॉर्नडाइकने १८९८ साली मांजरांना पिंजऱ्यात घालून प्रयत्न-प्रमाद पद्धती मांडली आणि तिच्यातून सरावाचा नियम आला, हे सर्व पुस्तकांत असते. पुढचे मात्र गाइडवाले सांगत नाहीत. याच थॉर्नडाइकने पुढे माणसांना डोळे बांधून ठरावीक लांबीची रेघ पुन्हा पुन्हा काढायला लावली. रेघ बरोबर आली की चूक, हे त्यांना सांगितले नाही. हजारो रेघा काढूनही सुधारणा झाली नाही. तेव्हा त्याने आपलाच नियम मागे घेऊन सांगितले की नुसत्या पुनरावृत्तीने काही साधत नाही, परिणाम कळला पाहिजे. मोठा माणूस म्हणायचा! चुकलेला शब्द दहादा लिहून आणायला सांगणारे आम्ही सर्व जण मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून रेघा काढवीत असतो.

बी. एफ. स्किनर ११ नोव्हेंबर १९५३ रोजी आपल्या मुलीच्या चौथीच्या वर्गात पालक म्हणून गणिताच्या तासाला जाऊन बसले. काही मुले उदाहरणे उरकून चुळबुळत होती, काही अडून घाम पुसत होती, आणि आपले उत्तर बरोबर की चूक हे कोणालाच दुसऱ्या दिवसापर्यंत कळणार नव्हते. स्किनर घरी आले आणि ताबडतोब उत्तर तपासणारे शिकवण्याचे यंत्र बनवायला लागले. आज मोबाइलवरचे अभ्यासाचे ॲप बरोबर-चूक लगेच सांगतात, ती याच यंत्राची नातवंडे. पण ॲप ३५ ला ‘चूक’ म्हणून थांबते. ३५ का आले हे बहुधा विचारत नाही. आपल्या वर्गात यंत्राची गरज नाही. मुलांच्या जोड्या लावाव्यात, उत्तरांचा कागद मध्ये ठेवावा आणि प्रत्येक उदाहरणानंतर एकमेकांचे तपासायला सांगावे. आठवड्याने लाल शाईत परत आलेली वही कोणी वाचत नाही.

छडीविषयी फार लिहीत नाही. पॅव्हलॉव्हच्या कुत्र्याला घंटेने लाळ सुटू लागली, तसा पाढ्यांबरोबर मार खाल्लेल्या मुलाला पाढे म्हटले की घाम सुटतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही मनाई केली आहे. ‘तुमच्या डोक्यात शिरायचं नाही’ हे वाक्य त्या मनाईत बसते, याची जाणीव पालकसभेत अवश्य करून द्यावी.

ज्यांच्या डोक्यात शिरत नाही असे म्हणतात, त्यांच्याविषयी ब्राझीलमधील रेसिफे शहरातला एक अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. रस्त्यावर नारळ-फळे विकणाऱ्या मुलांकडे संशोधक गिऱ्हाईक म्हणून गेले. इतके नारळ, इतकी किंमत, किती परत देशील? मुलांची ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. मग त्याच मुलांना तसलेच हिशेब शाळेतल्यासारखे कागदावर मांडून दिले, तर जेमतेम ३७ टक्के बरोबर. मुले पाचच होती, पण पुढे अन्यत्रही हेच दिसले. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या, कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतील मुलांच्या मोठ्या अभ्यासातही हाच प्रकार आढळला, आणि त्याची दुसरी बाजूही : शाळेत कागदावर बरी उत्तरे काढणारी मुले बाजारातल्या हिशेबात गडबडली. म्हणजे दोन्हीकडे अर्धेच गणित आहे आणि दोघांना जोडणारा पूल शाळेने बांधायचा राहिला आहे.

आमच्या काउंटरवर भाजी विकणाऱ्या मावशी येतात. दिवसभराची विक्री, आडत्याचे देणे, उरलेला नफा, सारे तोंडी चोख. स्लिप मात्र दुसऱ्याकडून भरून घेतात आणि वर म्हणतात, ‘आमाला कुटं हिशोब येतोय, साहेब.’ हिशेब येत नाही हे त्यांना कोणी शिकवले? तारखा आणि सनावळ्या पाठ असलेल्यांनी तर नक्कीच नव्हे ना?

मुलाच्या आसपासचे जग वर्गात आणण्याचा विचार नवा नाही. बाबासाहेबांचे कोलंबिया विद्यापीठातील गुरू जॉन ड्यूई यांनी शिकागोत प्रयोगशाळा काढली, तीही १८९६ सालीच. तेथे मुले स्वयंपाक, सुतारकाम, विणकाम यांतून शिकत. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर महागड्या साधनांऐवजी खडे, बिया, पाने घेऊन शिकवले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर अनुताईंनी शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा हे सुंदर नाव दिले.

शेवटी शिक्षकाच्या मनाविषयी. रोझेंथॉल आणि जेकबसन यांनी कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेत शिक्षकांना काही मुलांची नावे देऊन सांगितले की ही मुले यंदा चमकणार आहेत. नावे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काढली होती. साधारण पाचांत एक. वर्षअखेर पहिली-दुसरीच्या वर्गांत ही मुले खरोखरच पुढे गेलेली दिसली. १९६८ साली हे पुस्तक निघाले आणि त्यावर टीकाही पुष्कळ झाली. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम एकंदरीत लहान आढळला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मात्र समाजाने ज्यांना हिणवले आहे अशा गटांतील मुलांवर शिक्षकांच्या अपेक्षेचा परिणाम अधिक होतो असे संशोधक म्हणतात, आणि आपल्याला याच मुलांशी कर्तव्य आहे.

ज्या सभासदांना आपल्या वस्तीत अभ्यासवर्ग चालवायचा आहे त्यांनी जूनमधील पहिले दोन आठवडे शिकवूच नये. प्रत्येक मुलाला दहा मिनिटे स्वतंत्र बसवावे. एक उतारा वाचून घ्यावा, वीस अंक ऐकवून लिहून घ्यावेत, त्यांत त्रेपन्न, एकोणसत्तर, ब्याऐंशी अवश्य असावेत. हातच्याच्या चार वजाबाक्या द्याव्यात आणि एक हिशेब बाजारातला तोंडी विचारावा. दोनशे पानी वहीत मुलाच्या नावाला दोन पाने ठेवावीत. त्यांवर गुण लिहू नयेत. डाव्या पानावर मुलाने दिलेले उत्तर जसेच्या तसे उतरवावे आणि उजव्या पानावर ‘हे तू कसे केलेस?’ या प्रश्नाला ते जे बोलले, ते त्याच्याच शब्दांत. ही वही स्वयंसेवक बदलला तरी वर्गातच राहावी, आणि नव्याने येणाऱ्याने पहिल्या दिवशी मुलांची नावे विचारण्यापूर्वी ती वाचावी.